तारेपलीकडची गाय

मोरुला तळ
३ एप्रिल

बाई सेगामेत्सी,

तुझं पत्र मंगळवारच्या बसने आलं. ड्रायव्हरने ते तीन दिवस टोपीत ठेवलं होतं, त्यामुळे कागदाला घामाचा वास येत होता. एवढी शिकलेली मास्तरीण तू, पण अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच.

इकडे गुरांच्या तळावर सगळं ठीक. पावसाने जाता जाता गवत चांगलं करून ठेवलंय. आता एक्केचाळीस डोकी आहेत. थामागा गाय व्याली, वासरी झाली, आणि आईसारखाच तोंडावर पांढरा पट्टा आहे. परवा तिच्या कानाला खाच पाडली तेव्हा तिने मला अशी लाथ मारली की मी शेणात बसलो आणि शेजारचा त्शेनोलो हसून हसून खोकायला लागला. खच्ची केलेले पाच गोऱ्हे कत्तलखान्याच्या गाडीसाठी वेगळे काढलेत. रोज संध्याकाळी हाक मारून मीठ देतो. आता मी नुसतं खाकरलो तरी अख्खा कळप धावत येतो. बायकोसुद्धा कधी इतकी ऐकायची नाही माझं, देव तिला शांती देवो.

आता तुझ्या लग्नाचं. तुझा बाप खाणीत गेला तो परतलाच नाही, म्हणून बोगादीची, नवऱ्याकडून द्यायची गुरं माझ्याच वाडग्यात, या काट्यांच्या कुंपणाआत यायची आणि बोलणीही मीच करायची. तुझा मोआगी येऊन गेला. पोरगा चांगला आहे. खाली बघून बोलतो, पाण्याची सरकारी गाडी नीट चालवतो. पण म्हणतो काय, की त्याची माणसं गुरं अडवायला घातलेल्या तारेच्या पलीकडची, तिकडची गुरं इकडे आणायला सरकारची बंदी, म्हणून आठही गुरं तो इकडच्या बाजारात विकत घेऊन देणार. मी म्हटलं, बाबा रे, बाजारातल्या गाईला काय ठाऊक, आपण कोणाच्या घरून कोणाच्या घरी निघालोय? आपल्या घराण्यात आठांतली एक तरी नवऱ्याच्या आईच्या वाडग्यातली लागते. तुझ्या आजीसाठी आली होती, तुझ्या मामीसाठी मी स्वतः चालवत नेली होती. नाहीतर उद्या भांडण झालं की तुला म्हणतील, ही तर बाजारातून आणलेली.

तू काळजी करू नकोस. मुलींनी काळजी करायची ती कपड्यांची. बाकीचं मामा बघतो.

तुझा मामा,
गाबाइत्से

*

१९ एप्रिल

मामा,

तुम्ही मोआगीला काय बोललात? तो परत आला तो दोन दिवस धड जेवला नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “मामा म्हणाले, ज्याच्या आईच्या वाडग्यातून एक गाय निघत नाही, त्याच्या आईच्या घरात आमची मुलगी शिरणार कशी?” असं बोलायचं असतं का? आणि तेही त्शेनोलोबाबांच्या समोर?

मामा, ती तार सरकारने हौस म्हणून नाही घातली. पलीकडे रानरेडे आहेत, त्यांच्यातला खुरांचा आजार गुरांना होतो. इकडे एक जरी आजारी गाय सापडली तर पूर्ण भागाचं मांस परदेशात कोणी घेत नाही. हे मी पाचवीच्या पोरांना शिकवते आणि माझा मामा मात्र ऐकत नाही!

मोआगीच्या आईने आठ गुरांसाठी दोन वर्षं पोटाला चिमटा घेतलाय. ती इकडचीच, तपासलेली, कानात सरकारी बिल्ला असलेली गुरं घ्या आणि हसून घ्या. मला सासूच्या वाडग्यातल्या गाईची गरज नाही, रीतीचीही नाही. मला तुम्ही हसलेले हवेत.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा तर सुंभसुद्धा अजून जळलेला नाही. कृपा करा.

सेगामेत्सी

*

मोरुला तळ
११ मे

माझ्या मास्तरणी,

काम फत्ते! बोगादी आली. गुरुवारी सूर्य उगवायच्या आधी आठही गुरं वाडग्याच्या तोंडाशी उभी होती. तुझ्या मावश्यांनी असा काही गलका केला की फाला घाबरून काट्यांच्या कुंपणावर चढायला गेला. एवढा माझा वळू, आणि बायकांना भितो! पुरुषांनी उकडलेलं मांस कुटून सेस्वा केलं, मला मामाचा मान म्हणून मेजवानीसाठी विकत आणलेल्या बैलाचं डोकं मिळालं, आणि मी ते म्हाताऱ्यांबरोबर बसून सगळंच्या सगळं संपवलं.

सात गुरं बाजारातली. आठवी एक करडी गाय आहे, पोटाखाली पांढरे ठिपके, डोळे शांत. कुठून आली ते विचारू नकोस. बोगादीतलं सगळं मुलीने विचारायचं नसतं. एवढंच सांगतो, आता तुला कोणी बाजारातली म्हणणार नाही.

मोआगी मात्र सबंध वेळ मान खाली घालून उभा होता. हात पुढे, टोपी छातीशी. असा जावई हवा. एक शब्द नाही.

करडी लांबून चालून आल्याने जरा लंगडतेय. तोंडातून लाळही गळते. जीभ वर करून पाहिली तर आत फोड आलेत, काटेरी झुडपं खाल्ली असतील वाटेत. मिठाच्या पाण्याने धुतोय. दोन दिवसांत बरी होईल.

आता पोटभर झोप. तुझी बाजू भक्कम झाली.

मामा

*

२० मे

मामा,

तुमचं पत्र शाळेत वाचलं. लाळ, फोड, लंगडणं, हे मी शेतीच्या मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “ही गाय कुठून आली ते आधी विचार. आणि पशुवैद्याला आजच कळव, उद्या नाही.”

मामा, ती गाय कुठून आली?

मोआगी पाण्याची गाडी घेऊन लांब गेलाय, तिकडे जाणाऱ्या गाड्यांबरोबर मी त्याला तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींना उत्तर नाही. तिसऱ्याला एक ओळ: “मामांना विचार.” एवढंच! मी इथे जीव मुठीत धरून बसलेय आणि हा माणूस मला तुमच्याकडे पाठवतो. म्हणजे आणली त्याने आणि सांगायचं तुम्ही? तुम्ही त्याला टोमणे मारलेत हे खरं, पण त्याला कायदा ठाऊक होता. रोज तो त्या तारेच्या फाटकातून गाडी नेतो!

ती गाय बाकीच्यांपासून वेगळी बांधा. विहिरीवर नेऊ नका, तिथे त्शेनोलोबाबांची गुरं येतात. आणि पशुवैद्याकडे जा. परीक्षा चालू आहेत, नाहीतर मीच आले असते.

तुमच्या पाया पडते. जा.

सेगामेत्सी

*

मोरुला तळ
२९ मे

सेगामेत्सी,

पत्र मिळालं. एवढं घाबरायला काय झालंय? थंडी पडलीय, थंडीत गुरं आखडतातच. फाला आणि दोन कालवडी जरा लंगडतायत. त्शेनोलोचे दोन बैल पण बसूनच आहेत. तो म्हणतो, गवतात काहीतरी आहे. मी म्हटलं, असेल.

माझी पत्रं कोणाला वाचून दाखवत जाऊ नकोस. घरातलं घरात.

मोआगीवर रागावू नकोस. त्याने काही केलेलं नाही.

एक विचारायचं होतं. तुझे ते शेतीचे मास्तर जाणते आहेत. सरकारी माणसं आली तर फक्त आजारी असतील तीच मारतात, की सगळीच? सहज विचारतोय. त्शेनोलोला जाणून घ्यायचंय.

मामा

*

६ जून

मामा,

मी सांगितलं.

तुमचा तो शेवटचा प्रश्न वाचला आणि कळलं, तुम्ही स्वतः जाणार नाही. काल मी पशुवैद्यकीय कचेरीत गेले आणि सगळं सांगितलं. तळाचं नाव, विहिरीचं नाव, करडी गाय, दिवस. तिथल्या बाई लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “हे तुमच्याच घरचं ना?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “अजून आठवडा गेला असता तर नदीपलीकडच्या तळांवरही पोचलं असतं. तिकडे दोन हजार गुरं आहेत.”

गाय तारेपलीकडून कोणी आणली असं त्यांनी विचारलं. मी मोआगीचं नाव दिलं.

तुम्ही लिहिलं होतं की त्याने काही केलेलं नाही. मला ठाऊक आहे तुम्ही असंच लिहिणार. माझ्यासाठी तुम्ही त्याला पाठीशी घालताय. पण खोट्याच्या जोरावर मी बायको होणार नाही. आज सकाळी त्याला कामावरून उचलला. मी समोरच्या दुकानाजवळ उभी होते. त्याने मला पाहिलं. पोलिसाने काही विचारलं, त्याने नुसती मान हलवली. वाटलं, आता तरी बोलेल, शिव्या देईल. नाही. गाडीत चढताना त्याची टोपी पडली, ती पोलिसाने उचलून दिली.

मामा, तुमची गुरं मारणार ते. सगळी मारणार. ज्या माणसाने मला दूध पाजून वाढवलं त्याचा कळप मी माझ्या तोंडाने मारला. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण काहीतरी लिहा.

सेगामेत्सी

*

पोलीस ठाणे
२४ जून

सेगामेत्सी,

कागद पोलिसाचा आहे, पेनही त्याचंच. चांगला पोरगा आहे, चहा पण देतो. मी इथे का आहे ते क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

आधी सरकारी माणसांनी वाटा बंद केल्या, गुरांचं रक्त तपासलं, आणि सोळा तारखेला मारायला आले. तीन गाड्या आणि खड्डा खणायचं यंत्र. विहिरीच्या वरच्या अंगाला लांबलचक खड्डा खणला. मला वाटलं त्शेनोलोनेच कळवलं असेल, मी त्याच्याकडे बघितलंही नाही. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. माझ्या खिशात होतं, पण मी ते फोडलं नव्हतं. भीती वाटली, म्हणून नाही फोडलं.

दोन दिवस त्यांनी गुरं गोळा करायचा प्रयत्न केला. गाड्यांचा आवाज, अनोळखी माणसं, गुरं बुजली आणि झुडपांत शिरली. तिसऱ्या दिवशी त्यांचा मोठा साहेब माझ्याकडे आला. टोपी काढली. म्हणाला, “बाबा, आमच्याने होत नाही. असं पळवत राहिलो तर आजार सगळीकडे जाईल. तुम्ही हाक मारा.”

मी म्हटलं, मी नाही मारणार.

तो म्हणाला, “मग आम्हाला लांबून गोळ्या घालाव्या लागतील. नीट लागणार नाहीत.”

म्हणून मी हाक मारली. पोरी, ती आली गं. एकेक करून आली. फाला लंगडत सगळ्यात पुढे. त्यांना वाटलं, मीठ देणार. मी एकेकीचं नाव घेतलं आणि एकेक त्या लाकडी बोळातून आत गेली. थामागा जाताना थांबली, माझा तळहात चाटला, रिकामा होता तरी चाटला. तिची वासरी मागोमाग. आवाज सुरू झाल्यावरसुद्धा मागची पुढे येत होती, कारण मी हाक मारत होतो. एकोणपन्नास, गाडीसाठी थांबलेले पाच गोऱ्हे आणि बोगादीची आठ धरून. नंतर त्शेनोलोची सव्वीस. त्याने हाक मारली नाही, त्याला जमलं नाही. ती हाकही मीच मारली.

संध्याकाळी वाडग्यात शेण ताजं होतं आणि गुरं नव्हती. तेव्हा तुझं पत्र फोडलं.

तू सांगितलंस याचा मला राग नाही. आधी आला होता, खोटं कशाला बोलू, पण पुढे मोआगीचं नाव वाचल्यावर राहिला नाही.

मोआगीने ती गाय आणली नाही. मी आणली.

एप्रिलमध्ये मी गाढवावर बसून पलीकडे गेलो. माणसाला फाटकावर कोणी अडवत नाही. मोआगीच्या मामाला भेटलो, म्हातारा मोखाले. तोही माझ्यासारखाच. दोघं म्हातारे मामा बसलो आणि ठरवलं की रीत मोडायची नाही. मोआगीच्या आईला विचारलंही नाही. तिच्या वाडग्यातली करडी सोडली. दुपारच्या उन्हात फाटकावरचे लोक झाडाखाली पडतात, तेव्हा तिथून बरंच दूर मी पकडीने तार कापली, गाय अलीकडे घेतली, तार परत पिळून लावली. हाताला चार ठिकाणी कापलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, सेगामेत्सी. मी घरी येईपर्यंत गात होतो.

आठवीचं मी बघतो असं मोआगीला आधीच कळवलं होतं, म्हणून बोगादीच्या दिवशी पहाटे त्याने सात गुरं आणली. वाडग्यात आठवी पाहिली आणि ओळखली. आपल्या आईची गाय कोण ओळखणार नाही? तो माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, “मामा, ही परत नेऊया. आत्ताच. मी गाडी आणतो.” मी त्याला म्हटलं, “मुलीच्या मामासमोर जावई बोलत नसतो. आणि सेगामेत्सीलाही यातलं एक अक्षर सांगायचं नाही.” त्याने टोपी काढून छातीशी धरली. मी तुला लिहिलं, असा जावई हवा.

त्याने माझा शब्द पाळला. तू तीन पत्रं लिहिलीस तरी पाळला. पोलिसांसमोरही पाळला. मी मात्र त्शेनोलोच्या शेजारी बसून गवताला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गेलो. सगळे होते. उभा राहून सांगितलं. त्शेनोलो उठला, मला वाटलं काठी घालेल, आणि घातली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “महिनाभर तू माझ्याच डबीतली तपकीर ओढत होतास, गाबाइत्से.” आणि घरी गेला. मग मी बसने इथे आलो आणि पोलिसांना सांगितलं की चुकीचा माणूस धरलाय.

न्यायाधीश काय करेल ठाऊक नाही. तू इकडे येऊ नकोस. मोआगीकडे जा.

गाबाइत्से

*

९ जुलै

मामा,

तुमचं पत्र वाचून मी वर्गातून उठून गेले.

मोआगी सुटला तेव्हा मी पोचण्याआधीच तो तारेपलीकडे आईकडे निघून गेला होता. मी मागोमाग गेले. फाटकावर चपला औषधात बुडवाव्या लागल्या. माझ्या चपला ओल्या, चेहरा ओला, अशी मी त्याच्या आईच्या अंगणात उभी राहिले. वाटलं, हाकलून देतील.

त्या आंबील ढवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “करडी माझी होती. तिची आई मेली तेव्हा बाटलीने दूध पाजून वाढवलीय तिला. भावाने न विचारता दिली. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी फाटकावर जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का? सून यायची होती ना!”

मी म्हटलं, मला माफ करा.

“तुझ्या मामाने झाकलं, माझ्या भावाने झाकलं, माझ्या पोराने झाकलं, मी झाकलं. सगळ्यांनी तुझ्या लग्नासाठी झाकलं. आणि बोललं कोण, तर तू. तेही चुकीचं नाव घेऊन.” मग चमचा आपटला. “तू बोललीस म्हणून नदीपलीकडची दोन हजार गुरं आज उभी आहेत. असली सून घरात हवी की नको, मला खरंच कळत नाही. बस. आधी खा.”

मी खाल्लं. जेवताना विचारलं, बोगादीची आठही गुरं खड्ड्यात गेली, आता काय? त्या म्हणाल्या, “दिलेली बोगादी दिलेली असते. गुरं मेली म्हणून लग्न मरत नाही. मरायचं असेल तर ते तुम्हा दोघांच्या हातून मरेल.”

मोआगी अंगणाच्या कडेला गाडीचं चाक दुरुस्त करत बसला होता. जवळ गेले. त्याने चाकाचे नट एकेक करून आवळले. शेवटी म्हणाला, “तुला खरंच वाटलं, की मी असं करीन?”

मामा, मी खोटं बोलू शकले नाही. मी म्हटलं, “हो. वाटलं.”

तो उठला. हात पुसले. मला वाटलं, संपलं. पण त्याने विचारलं, “मामांना तिथे जेवण कोण नेतंय?”

मी म्हटलं, कोणी नाही. गावातलं कोणी जात नाही.

त्याने आईकडून डबा मागितला. त्याच्या आईने भरून दिला. तो उद्याच्या बसने निघणार आहे, आणि हे पत्र मी त्याच्याच हाती देतेय. माझ्याशी त्याचं काय होणार, मला ठाऊक नाही, त्यालाही नाही. त्याला तुमच्याशी काही बोलायचं आहे. काय, ते त्याने मला सांगितलेलं नाही. चांगलं असेल असं नाही.

तो समोर बसला की टोपी काढेल, मान खाली घालेल. मामा, या वेळी त्याला बोलू द्या.

सेगामेत्सी